कमलम्माचा सायगावातला माणूस

अंबय्या सायगावला गेला तेव्हा सोलापूरच्या भवानी पेठेतल्या निम्म्या लोकांना वाटलं, तो बार्शी-करमाळ्याकडं कुठंतरी गेला. सायगाव नावाची गावं आपल्याकडं काही थोडी नाहीत. शेजारच्या चंद्रव्वानं तर कमलम्माला तोंडावर विचारलं, "सायगाव म्हंजी कंच्या तालुक्यात गं? नवरा येवढ्या जवळ आसून दिवाळीला बी येत न्हाय?"

कमलम्मानं समजावून सांगितलं की ते सायगाव समुद्रापलीकडं आहे, मद्रासहून बोटीत बसलं की दोन-तीन आठवडे लागतात आणि तिथं फ्रेंच लोकांचं राज्य आहे. चंद्रव्वानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "आसंल की." पण ते अशा सुरात म्हणाली, की जणू अंबय्यानं दुसरं घर केल्याची बातमी तिला आत्ताच लागली असावी.

खरी गोष्ट साधी होती. अंबय्या मागावर बसणारा विणकर, पण त्याचं नाव होतं ते रफूबद्दल. फाटलेल्या रेशमात तो असा धागा मिळवायचा की ज्याचं कापड त्यालाही जागा सापडू नये. सोलापुरी लुगडी घ्यायला मद्रासचा एक व्यापारी पेठेत यायचा. त्याच्या भावाचं सायगावात रेशमाचं दुकान होतं, आणि बोटीतून माल उतरेपर्यंत निम्मी ठाणं कुठं ना कुठं फाटलेली असायची. त्याला रफू करणारा पाहिजे होता. तीन वर्षांची बोली झाली आणि पंचवीस सालचा दसरा करून अंबय्या निघून गेला.

महिन्याला त्याचं एक पत्र यायचं. कमलम्मा म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकली होती. ती पत्र वाचायची आणि घरच्या तेलुगूत सासूला सांगायची. पत्र दर वेळी तेच असायचं. 'मी खुशाल आहे. इथं सगळं रान आणि दलदल. डास फार. संध्याकाळी वाघाची डरकाळी ऐकू येते. हे बायकामाणसांचं ठिकाण नव्हे, तेव्हा तू इकडं यायचं मनात आणू नकोस.' वाघाचं ऐकून अत्तम्मानं, म्हणजे सासूनं, शनिवार धरला. अंबय्याच्या थोरल्या भावाला म्हणाली, "तू जवळ आहेस, तुझ्यासाठी काही करावं लागत नाही. त्या लांबच्यासाठी उपास करते."

कमलम्मा दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. रहाट फिरत असायचा, सूत सरत असायचं आणि डोकं रिकामंच असायचं. त्या रिकाम्या डोक्यात तिनं सायगावचं रान उभं केलं होतं. मधोमध एक झोपडी, झोपडीत रेशमाचे गठ्ठे, दारात नवरा सुई ओवतोय आणि मागं वाघ. कधीकधी तिला वाटायचं, वाघाच्या रानात रेशीम घेतं तरी कोण? पण विचारायचं कुणाला?

तिच्याकडं आणखी एक काम होतं, पाकिटावर पत्ता घालायचं. अंबय्यानं दुकानाचा पत्ता इंग्रजी अक्षरांत एका चिठ्ठीवर पाठवला होता. कमलम्माला ती लिपी येत नव्हती, म्हणून ती रांगोळी काढावी तशी एकेक अक्षर बघून उतरवायची. शेवटचा शब्द गावाच्या नावाचा, तो तिला पाठच झाला होता. पहिलं अक्षर वळवळत्या सापासारखं, दुसरं राहुटीसारखं, तिसरी नुसती काठी, चौथा मोडका आकडा, पाचवा वाटोळा लाडू, सहावी दोन खांबांमध्ये तिरकी मारलेली फळी.

सत्तावीस सालच्या चैत्रात बंदेनवाज आपली बायस्कोपची पेटी घेऊन गल्लीत आला. पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. पेटीला चार भिंगं, वर लाल कापड, बाजूला दोरी. डोळा लावायचा आणि त्यानं दोरी ओढली की आतलं चित्र बदलायचं. दर वर्षी तोच ताजमहाल आणि तोच हत्ती दाखवायचा, म्हणून लोक कंटाळले होते. यंदा मात्र तो मुंबईच्या जुन्या बाजारातून नवीन चित्रं घेऊन आला होता आणि डफावर हात मारून गात होता, "विलायत देखो, विलायत का थाट देखो, बिन टिकट की बोट देखो!"

कमलम्मानं रहाट थांबवला आणि भिंगाला डोळा लावला.

आत ऊन होतं. रंग भरलेलं चित्र, लाल विटांचं एक प्रचंड देऊळ, त्याला आकाशात घुसलेले दोन टोकदार मनोरे. "ये बादशाह का महाल," बंदेनवाज म्हणाला आणि दोरी ओढली. कमानींची, हिरव्या झडपांची, कपाळावर घड्याळ असलेली पिवळी इमारत आली. "ये रानी का मायका." मग रुंद सडक, दोन्हीकडं उंच झाडं, झाडांखाली टेबलं आणि टेबलांशी पांढऱ्या कपड्यांतले साहेब काहीतरी पीत बसलेले. मग पायऱ्यांची एक शोभिवंत इमारत, तिच्या दाराच्या दोन्ही अंगाला दगडी बायका. "ये विलायत की कोर्ट. खोटी साक्ष दिली त्या बायकांचा दगुड झाला."

कमलम्मा बायका नीट बघत होती. बघता बघता तिची नजर चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर गेली. तिथं बारीक छापलेलं होतं, साप, राहुटी, काठी, आकडा, लाडू, तिरकी फळी.

तिनं डोळा काढला, पुसला आणि परत लावला. "मागचं चित्र दाखवा," ती म्हणाली. लाल देवळाखालीही तोच शब्द. सडकेखालीही तोच. एका चित्रावर नव्हता, पण ते बंदेनवाजनं जुन्यातलंच खपवलेलं निघालं. त्यात हत्ती होता.

"बंदेनवाजभाई," ती हळूच म्हणाली, "ही विलायत न्हाई. हे सायगाव हाय. माझा मालक तितंच असतो."

बंदेनवाजनं आजूबाजूला बघितलं. तीन गिऱ्हाइकं भिंगांना चिकटलेली होती. तो तिच्याजवळ वाकला. "बेटी, लोक सायगाव बगायला येतील का? इचारतील, कंच्या तालुक्यात हाय म्हून. तू गप बस. तुला पायजे तवा, पायजे तेवढं बग. तुला फुकट."

अशा रीतीनं दोघांचा करार झाला.

घरी येऊन कमलम्मा रहाटाशी बसली तेव्हा तिला राग आलेला होता. डास म्हणे. दलदल म्हणे. वाघ! आणि स्वारी झाडाखाली टेबलाशी बसून पेयं पिणार. पण भांडायला माणूस समोर लागतो. पत्रात भांडायचं तर रागाचं उत्तर यायला दोन महिने, तोवर आपला राग शिळा होणार. आणखी दोन कांड्या भरून होईतो तिला वेगळीच कल्पना सुचली, आणि ती एवढी आवडली की सूत तुटलं तरी तिच्या ध्यानात आलं नाही. दुपारी तिनं पत्र लिहायला घेतलं.

'इकडं सर्व खुशाल. अत्तम्माचे गुडघे दुखतात. आपण रविवारी दोन मनोऱ्यांच्या लाल देवळासमोर उभे होता असं समजलं. उन्हात डोकं झाकत जावं. कुणी कळवलं हे विचारू नये.'

उत्तर आषाढात आलं. अक्षर नेहमीपेक्षा वाकडं होतं. 'तुला कुणी काय सांगितलं? मी रविवारी कुठंही जात नाही. असं लाल देऊळ मला ठाऊकही नव्हतं. इथं रानच आहे, पण मधूनमधून इमारती आहेत.'

"काय म्हणतो?" अत्तम्मानं विचारलं.

"रान थोडं कमी झालंय म्हणतात," कमलम्मा म्हणाली.

दुसऱ्या पत्रात तिनं लिहिलं की झाडांखालच्या टेबलाशी बसून आपण जे पिता ते पोटाला बरं नव्हे, आणि साहेबलोकांत बसताना पाय खाली सोडावेत. भाद्रपदात त्याचं उत्तर आलं. 'इमारती बऱ्याच आहेत. वाघाचं मी पुन्हा लिहीन. जो माणूस तुला कळवतो त्याचं नाव मला ताबडतोब कळव. तो सिंध्यांच्या दुकानातला आहे का? त्याला टक्कल आहे का?'

हे वाचून कमलम्माला पदर तोंडात कोंबावा लागला. बंदेनवाज गल्लीत आला तशी ती त्याच्याकडं गेली आणि दगडी बायकांची इमारत पुन्हा नीट बघून आली. किती पायऱ्या, दरवाजे किती, खांबांवर काय. बंदेनवाजही आता रंगात आला होता. "त्याला लिव," तो म्हणाला, "लिव, तुमी कोर्टात कशापायी गेल्तासा?"

'दगडी बायकांच्या इमारतीच्या पायऱ्यांवर आपण फार वेळ थांबता,' तिनं लिहिलं. 'त्या बायकांकडं एवढं काय बघायचं? आमचा माणूस तुम्हांला रोज बघतो. तुम्ही मात्र त्याला बघत नाही.'

या पत्राला उत्तर आलं नाही.

आश्विन गेला, दिवाळी गेली. पोस्टमन गल्लीतून सरळ पुढं जायचा आणि कमलम्माकडं बघणं टाळायचा. अत्तम्मानं शनिवारच्या जोडीला मंगळवार धरला. कमलम्माच्या हातून आता सूत सारखं तुटायला लागलं, आणि ते हसण्यामुळं नव्हे. रागावून त्यानं लिहिणंच सोडलं असेल का, आजारी असेल का, असे विचार दिवसभर तिच्या रहाटाबरोबर फिरायचे. बंदेनवाज पेटी घेऊन आला की ती आतून कडी लावून घ्यायची. शेवटी तिनं दोन ओळींचं पत्र लिहिलं. 'मी चेष्टा केली. खुशाली कळवावी.' ते अजून मद्रासलाही पोचलं नसेल, तोच मार्गशीर्षातल्या एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला आणि अंबय्या उतरला.

अंगात पांढरा कोट, डोक्यावर टोपासारखी ताठ हॅट आणि हातात पत्र्याची पेटी. वाळला होता, पण पायांनी चांगला दणकट झालेला दिसत होता. अत्तम्मानं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. लोक गोळा झाले. चंद्रव्वा तर सर्वांत पुढं येऊन ओट्यावर बसली.

"मालकानं चार महिन्यांची रजा दिली," अंबय्या म्हणाला. "मी मागून घेतली. तिथं मला राहवेना."

"वाघामुळं?" अत्तम्मानं विचारलं.

अंबय्यानं कमलम्माकडं एकवार बघितलं. ती चहाचं आधण ठेवण्यात गुंतली होती.

"वाघाचं सांगतो," तो म्हणाला. "दुकानाचं गोदाम कालव्याच्या काठाला. मी तिथंच गठ्ठ्यांवर झोपायचो. सकाळी मागच्या दारानं दुकानात, दिवे लागले की मागच्या दारानं गोदामात. दीड वर्ष मी कालवा, चिखल आणि डास यांच्यापलीकडं काही बघितलं नाही. बाजूला झाडी होती आणि झाडीतून डरकाळी यायची. मी म्हणालो, रान आहे. मी कुणाला विचारलंही नाही, कुणी सांगितलंही नाही. त्यांची भाषा मला येत नव्हती."

कमलम्माचा हात चहाच्या डब्यात तसाच राहिला.

"मग हिचं पत्र आलं, की मी लाल देवळासमोर उभा होतो. मी म्हणालो, कुठलं देऊळ? दुकानातल्या स्वयंपाक्याला विचारलं. तो म्हणाला, दोन मनोऱ्यांचं ना, वीस मिनिटांवर आहे. पुढच्या रविवारी गेलो. म्हटलं, मला बघणारा कोण आहे तो बघू. दिवसभर समोर उभा राहिलो, येणाऱ्याजाणाऱ्याची तोंडं बघत. देवळाकडं माझी पाठ होती. संध्याकाळी परत निघताना वळलो तेव्हा बघितलं, की केवढं आहे ते."

"मंग गावला का त्यो मानूस?" चंद्रव्वानं विचारलं.

"नाही. मग दुसरं पत्र आलं, टेबलाचं. मी कधी टेबलाशी बसलो नव्हतो. पण जो मला तिथं बघतो तो तिथंच असणार, म्हणून जाऊन बसलो. वाढणारा आला. मला काही सांगता येईना, तर मी शेजारच्याच्या पेल्याकडं बोट केलं. कॉफी होती, घट्ट दुधाची. चांगली होती. मग मी दर रविवारी जायला लागलो, त्या माणसाला पकडायला." त्यानं हॅट काढून हातात घेतली. "पाय खाली सोडूनच बसायचो."

कमलम्मानं चहाचा डबा तोंडासमोर धरला.

"माझा संशय एका चौकडीच्या कोटवाल्यावर होता. एकदा त्याच्या मागोमाग गेलो. तो एका बागेत शिरला, मीही शिरलो. तर बागेत पिंजरे. एका पिंजऱ्यात वाघ. लोक बायकापोरांना घेऊन बघायला आलेले. बागेच्या भिंतीपलीकडं कालवा, आणि कालव्यापलीकडं माझं गोदाम दिसत होतं."

गल्ली हसली. अत्तम्मा मात्र हसली नाही. "पिंजऱ्यात होता?" ती म्हणाली. "मग मी एवढे शनिवार कुणासाठी केले?"

"त्या दगडी बायकांपाशी तर मी पाच रविवार काढले," अंबय्या म्हणाला. "ते नाटकगृह आहे. एका शीख पहारेकऱ्याशी ओळख केली, त्याला खायला घातलं, म्हटलं हाच असेल. तो नव्हता. आई, मला ओळखणारा एक माणूस त्या गावात आहे आणि मी त्याला ओळखत नाही. हे डोक्यात घेऊन रफू होत नाही. सुई बोटात जाते." मग त्यानं बायकोकडं वळून सगळ्यांदेखत विचारलं, "कोण आहे तो?"

कमलम्माला हसूही येत होतं आणि जमिनीनं पोटात घ्यावं असंही वाटत होतं. दीड वर्ष माणूस चिखलात झोपला होता आणि चिखलच लिहीत होता.

"त्याची गाठ घालून देते," ती म्हणाली. "संक्रांतीला तो गड्ड्यावर येतो."

तिला आणखी थोडे दिवस पाहिजे होते, म्हणून तिनं गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचं, नाव घेतलं. ते थोडे दिवस अंबय्यानं उगीच घालवले नाहीत. त्या माणसाला काय बोलायचं ते त्यानं ठरवून ठेवलं. रागवायचं की आभार मानायचे, यात मात्र त्याचं रोज बदलत होतं. गड्ड्याच्या दिवशी सकाळीच त्यानं दाढी केली, कोटाची सगळी बटणं लावली आणि हॅट घातली. वाटेत तो म्हणाला, "मी आधी बोलणार नाही. त्याला बोलू दे."

जत्रेत पाळणे फिरत होते, भाजलेल्या शेंगांचा वास सुटला होता, माणसाला माणूस घासत होता. प्रत्येक टकल्याकडं अंबय्या रोखून बघत होता. कमलम्मा त्याला गर्दीतून सरळ बंदेनवाजच्या पेटीपाशी घेऊन गेली. हॅटवाला बघून बंदेनवाजचा डफ थांबला.

"हा?" अंबय्यानं विचारलं.

"आत," कमलम्मा म्हणाली. "डोळा लावा."

अंबय्या वाकला. हॅट आडवी येत होती, ती त्यानं काढून तिच्या हातात दिली. बंदेनवाजनं गायलं नाही, नुसती दोरी ओढली. एक चित्र झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं. हत्तीही झाला. अंबय्या उठला नाही. "परत," तो म्हणाला. बंदेनवाजनं परत पहिल्यापासून दाखवलं. मागं रांग लागली, लोक कुरकुरायला लागले. कमलम्माला फक्त त्याची पाठ दिसत होती आणि त्या पाठीवरून काही कळत नव्हतं.

शेवटी तो सरळ झाला. डोळ्याभोवती भिंगाची गोल खूण उमटली होती.

"तो महाल नाही, देऊळ आहे," तो बंदेनवाजला म्हणाला. "फ्रेंचांचं. आणि रानीचं माहेर म्हणता ते पोस्ट आहे. माझी पत्रं तिथूनच यायची."

"मालक, हळू बोला," बंदेनवाज म्हणाला. "गिऱ्हाईक मागं उबं हाय."

अंबय्या कमलम्माकडं वळला. आता काय बोलेल म्हणून तिनं हॅट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"यांत मी कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"कुठंच नाही," ती म्हणाली. "मी दर वेळी शोधलं."

अंबय्यानं पेटीकडं एकदा बघितलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. सुरुवातीला तिला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता, असा की पाळण्याच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "त्या शिखाला मी तीन वेळा जेवायला घातलं," तो कसाबसा म्हणाला. बंदेनवाजला काय झालं ते नीटसं कळलं नाही, पण तोही हसला आणि त्यानं डफ वाजवायला घेतला.

रजा संपल्यावर अंबय्या परत निघाला तेव्हा कमलम्मा बरोबर होती. अत्तम्मानं आधी नाही म्हटलं, मग वाघ पिंजऱ्यात आहे ना एवढं दोनदा विचारून घेतलं. चंद्रव्वानं टांग्यापर्यंत येऊन सांगितलं की सायगावाहून येताना तिच्यासाठी तिथलं काही तरी आणायचं, म्हणजे गाव खरंच आहे हे तिला कळेल.

बोटीत कमलम्माच्या पोटातलं सगळं बाहेर पडलं. पण तिथं पोचल्यावर पहिल्या रविवारी ती नवीन लुगडं नेसून तयार होती. अंबय्यानं आता शहर पाठ केलं होतं. तो पुढं चालत होता आणि छाती पुढं काढून एकेक दाखवत होता. लाल देवळाच्या विटा कुठून आल्या, पोस्टाच्या कमानीतून वारा कसा येतो, या सडकेवर कुठल्या बाजूनं चालायचं. हातरिक्षा घंट्या वाजवत अंगावर येत होत्या. खांद्यावरच्या काठीला दोन टोपल्या लावून बायका पळत होत्या आणि त्या टोपल्यांतून कमलम्मानं कधी न बघितलेली केसाळ लाल फळं डोकावत होती. पेटीत हे काहीच नव्हतं. आवाजही नव्हता, वासही नव्हता.

नाटकगृहापाशी अंबय्या पायऱ्यांसमोर उभा राहिला आणि दगडी बायकांविषयी बोलायला लागला. पाच रविवारांचं बोलणं त्याच्याजवळ साठलेलं होतं, त्याला वेळ लागणारच होता. कमलम्मा दोन वाक्यं ऐकून बाजूच्या बोळात शिरली.

इमारतीच्या मागं रंग उडालेल्या भिंतीशी दोरीवर कपडे वाळत होते. एक म्हातारी टोपलीभर हिरव्या शेंगा घेऊन बसली होती, दात काळेभोर, तोंडात पान. तिनं कमलम्माच्या लुगड्याचा काठ बोटांत धरून उलटसुलट बघितला, काहीतरी विचारलं आणि लाकडी पाट पुढं सरकवला. कमलम्मानं तेलुगूत सांगितलं की हे सोलापूरचं आहे, आमच्या घरच्या मागावरचं. म्हातारीनं मान डोलावली आणि अर्ध्या शेंगा तिच्या पुढ्यात ओतल्या.

अंबय्याला ती सापडली तेव्हा टोपली जवळजवळ रिकामी झाली होती.

"मी तिकडं एकटाच बोलत होतो," तो म्हणाला. "इथं काय बघायचं आहे?"

"पुढची बाजू पेटीत बघून झाली होती," कमलम्मा म्हणाली आणि त्याला बसायला जागा करून दिली.